आठच्या आकड्यावर गोधडी

आई जळकोटला असते. तिची नजर मंदावत चालली, तेव्हा तिने शिवलेल्या गोधड्यांचे नीट फोटो काढून ठेवावेत असं माझ्या मनात आलं. मी नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हौसेने एक भारी लेन्स घेतली होती. लेन्समधून उजेड आत सोडणारं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मी आधी पूर्ण उघडं ठेवलं. गोधडीच्या मधले टाके बरे आले, कोपऱ्यातले फिसकटले. मग छिद्र होईल तेवढं बारीक केलं. कोपरे जरा सुधारले, पण सगळाच फोटो धूसर झाला. मी सरळ लेन्सला दोष देऊन मोकळा झालो.

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ताई फोटो स्टुडिओ चालवतात. त्यांनी माझे फोटो पाहिले आणि आदल्या दिवशीचा पेपर भिंतीवर ताणून चिकटवला. कॅमेरा स्टँडवर चढवून छिद्राचा एकेक आकडा बदलत तोच फोटो मला पुन्हा पुन्हा काढायला लावला. नंतर कॉम्प्युटरवर कोपऱ्यातली बारीक जाहिरात मोठी करून दाखवली. पूर्ण उघड्या छिद्राला अक्षरं पसरलेली, बावीसच्या आकड्याला, म्हणजे सगळ्यात बारीक छिद्राला, धुरकट, आणि आठला अगदी स्वच्छ.

"सर, लई उघडं बी नको, लई बारीक बी नको," त्या म्हणाल्या. "बारीक फटीतून उजेड गेला की पसरतोय."

फटीतून पसरणारा उजेड मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो होतो. माझ्याच कॅमेऱ्यात तो मला ओळखू आला नव्हता. ताई दहावीपर्यंत शिकलेल्या. हाताशी आलेली प्रत्येक लेन्स त्यांनी अशीच पेपरसमोर तपासली होती, आणि कुठली कुठल्या आकड्याला उत्तम चालते ते एका वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही मी उभ्याउभ्याच पूर्ण वाचली.

रविवारी ताई माझ्यासोबत जळकोटला आल्या. ओसरीच्या भिंतीवर गोधडी ताणून लावली, कॅमेरा तिच्या बरोबर समोर ठेवला आणि आकडा आठवर. काढलेला फोटो लॅपटॉपवर मोठा करून त्यांनी आईपुढे सरकवला. आई चष्मा सावरत खालच्या कोपऱ्याशी थांबली.

"ही ओळ माझी न्हाई," ती म्हणाली. "माझ्या बहिणीची हाय. ती टाका तिरपा घालायची."

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही गोधडी दोघींनी मिळून शिवली, हे मला त्या दिवशी कळलं. ताईंनी तेवढाच कोपरा आणखी मोठा केला. आई त्या ओळीतले टाके बोटाने एकेक करून दाखवू लागली, आणि ताई तिच्याजवळ जमिनीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिल्या.