पालथा न घातलेला गडू

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे, कौसल्याबाईमुळे. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे. कारण न सापडणाऱ्या, चमत्कारासारख्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच... जे तपासता येतं तेवढंच खरं, असं मी पक्कं ठरवून टाकलं होतं.

आमचं गाव चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळ, वैनगंगेपासून फार लांब नाही. सगळी धानाची शेती. पन्नासच्या दशकात बाबांनी पुढाकार घेऊन गावाच्या लग्नकार्यांसाठी सामायिक भांडी आणली होती. भाताचे मोठे गंज, पराती, पाण्याचे गुंड. मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या खोलीत ती असत. बाबांनंतर खोलीची किल्ली बाईकडे, म्हणजे कौसल्याबाईकडे आली; ती कायम तिच्या गळ्यात असे. लग्नानंतर वर्षभरातच ती विधवा होऊन माहेरी परतली होती. धानाच्या रोवणीला मजुरीने जाऊन, मोहफुलं वेचून तिनेच मला शिकवलं.

त्या खोलीचा एक नियम होता. घासून परत आलेलं भांडं पालथं ठेवायचं. पालथं म्हणजे मोकळं, कोणीही न्यावं. उताणं म्हणजे कोणाच्या तरी नावाने राखलेलं, त्याला हात लावायचा नाही. लग्न असो की कोणाच्या मरणानंतरची तेरवी, घर कोणाचंही असो, नियम तोच.

पुढे मी नागपूरला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. तिथे सी भाषेत एक कोड लिहायचं काम माझ्याकडे आलं. प्रोग्राम चालता चालता मागेल तेवढी मेमरी त्याला द्यायची, काम झालं की परत घ्यायची, तीच पुढे दुसऱ्याला द्यायची. वेगवेगळ्या बनावटीच्या मशीनवर तो न बदलता चालायला हवा, आणि कुठल्याही प्रोग्रामला जोडता यायला हवा. मी मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी एक खूण ठेवली – मोकळा की राखलेला. शेवटी रिपोर्ट यायचा, कोणता तुकडा परत आला नाही त्याचा.

दिवाळीत हे बाईला सांगितलं.

"मंग माहाच धंदा करून राह्यला तू," ती हसली. "एवढा शिकला अन् भांडेच सांभाळाले लागला का बापा?"

"हो बाई. फक्त घासावे लागत नाहीत."

"मंग थकलो थकलो काऊन म्हन्ते तू?"

उन्हाळ्यात रिपोर्टमध्ये एक ओळ येऊ लागली. एक तुकडा राखलेला, परत न आलेला. अगदी लहान. मी सगळा कोड ओळ न् ओळ वाचला. शेवटी काहीच न मागणारा, रिकामा प्रोग्राम जोडून पाहिला... तरी तो तुकडा राखलेलाच. ऑफिसातल्या तिन्ही वेगळ्या मशीनवर तेच.

"तुझ्या गावचं कोणीतरी गंज आणून द्यायला विसरलंय," शेजारी बसणारा विनय म्हणाला. भांड्यांच्या खोलीचं त्याला मीच सांगितलं होतं.

मीही हसलो, आणि गंमत म्हणून बाईला पत्र लिहून टाकलं. ते पेटीत टाकलं त्याच दुपारी माझ्या चुलतभावाचा, नामदेवचा फोन आला.

"भाऊ, बाईले मोठा बुखार हाये. चंद्रपूरच्या दवाखान्यात आनलं. तू ये."

"कधीपासून?"

"आठवडा झाला. तिनंच मना केलं कळवाले. म्हने त्याचं काम अडकते."

मी मिळेल ती बस धरली. दवाखान्याच्या पायरीवर नामदेव बसला होता. हातात रुमालाची पुरचुंडी. तिच्यात बाईची गळ्यातली किल्ली होती. मला विचारावं लागलं नाही.

बाईच्या तेरवीचा स्वयंपाक बाईच्याच भांड्यांत व्हायचा होता. खोली उघडायला नामदेव आणि मी गेलो. बाई दवाखान्यात गेल्यापासून कुलूप तसंच होतं, आणि किल्ली आधी तिच्या गळ्यात, मग माझ्याकडे.

आत सगळी भांडी पालथी. फळीवर एक लहान गडू मात्र उताणा. सावलीच्या शाळेतून मी चालत घरी आलो की बाई त्याच गडवात मला पाणी द्यायची. तो काठोकाठ भरलेला होता, आणि बाहेरून गार...

"हा तं घरचा गडू," नामदेव म्हणाला. "इथी कोनं आनला?" मग त्याने वाकून आत पाहिलं. "एवढ्या उन्हात पानी आटाले पाहिजे होतं ना भाऊ."

मी ते पाणी प्यायलो. गडू घासला, पालथा ठेवला.

नागपूरला परतल्यावर कोड चालवला. मधल्या दिवसांत त्याला कोणी हात लावला नव्हता. ती ओळ गेली होती, तिन्ही मशीनवरून.

दुसरी किल्ली असेल, कोणी गडू आणून ठेवला असेल. कोडमध्ये माझ्या नजरेतून काही सुटलं असेल. एकेका गोष्टीला कारण सापडतं, दोन्ही मिळून सापडत नाही. तो कोड अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून चालवून पाहतो. खरं सांगायचं तर, ती ओळ परत यावी म्हणून चालवतो. येत नाही.

माझं पत्र बाईपर्यंत पोचलंच नाही. ती गेल्यानंतर पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं, न फोडलेलं. त्यात एवढंच होतं –

ती. बाईस बाबूचा नमस्कार.
मी बरा आहे. तू उन्हात जास्त फिरू नकोस. काम जवळजवळ झालं. सगळी भांडी परत आली, पण एक लहानसं भांडं अजून कोणाच्या तरी नावाने राखलेलं दिसतं. कोणाच्या, ते मला कळत नाही. तू इथे असतीस तर एक नजर टाकून सांगितलं असतंस. ते सापडलं की मी मोकळा झालो. रोवणीच्या आधी घरी येतो. तोवर वाट पाहशील ना?
तुझा,
बाबू