एकटी चावी

गल्लीत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो ओ द्यायचा. मोटरसायकलींचं वायरिंग हे त्याचं काम. गिऱ्हाईक दारात पाय ठेवता ठेवताच विचारायचं, “कधी मिळेल?” आणि आतून उत्तर यायचं, “सावकाश.” हे नाव आपण ठेवलं, असा त्याच्या बायकोचा दावा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात.

गॅरेज म्हणजे दीड मोटरसायकल मावेल एवढी खोली. खिळ्यांवर रंगांप्रमाणे टांगलेल्या वायरी. ताटासारखी स्वच्छ फळी आणि तिच्यावर झोपवलेली हत्यारं. दारावर त्याच्याच हातची पाटी होती : ‘गाडीची चावी एकटीच द्यावी. बाकीचा जुडगा घरी ठेवावा.’ एकदा एका गिऱ्हाइकाच्या घराची किल्ली गॅरेजात हरवली होती. ते अख्खं कुटुंब संध्याकाळपर्यंत आपल्याच दाराबाहेर पायरीवर बसून राहिलं. सावकाशही त्यांच्याशेजारी बसून राहिला होता. दुसऱ्या दिवशी पाटी लागली.

त्याचे दोन नियम होते. दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय पक्कड उचलायची नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरे गॅरेजवाले बॅटरी, प्लग, कॉइल एका दमात बदलून गाडी हातात ठेवायचे. सावकाश म्हणायचा, “सगळं बदललं आणि चालू झाली, तर काय बिघडलं होतं ते कुणाला कळलं?” माणसं चिडायची, जायची आणि महिन्याभरानं तीच गाडी ढकलत परत यायची. तो मागचं काही काढायचा नाही. स्टूल पुढे करायचा.

आणि आता त्याची स्वतःचीच गाडी त्याला दाद देत नव्हती.

ती त्याच्या तरुणपणची मोटरसायकल. आता मुलगी चालवायची. मुलगी नर्स होती, पण दवाखान्यातली नव्हे. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन ती इंजेक्शनं द्यायची, जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. सकाळी निघाली की गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची फेरी चालायची. काही आठवड्यांपासून गाडी रस्त्यात मधेच मरायची. इंजिन, दिवा, हॉर्न सगळं एकदम गप्प. तिनं चावी काढून परत घातली, किक मारली, की काही झालंच नाही अशा साळसूदपणे चालू व्हायची. आणि गॅरेजात आली की गाडीइतकं गुणी लेकरू दुसरं नाही.

त्या आठवड्यात ती पुलाच्या चढावर बंद पडली. मागे ट्रक होता. ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक लावला. मुलीनं हे फक्त बाबांना सांगितलं. आईला ते भाजीवालीकडून कळलं.

“रविवारी माझा भाऊ येईल टेम्पो घेऊन,” आई म्हणाली. “त्याला जुन्या गाड्यांची हौस आहे. घेऊन जाईल. आणि तू त्या डॉक्टरबाईंच्या काउंटरवर बस. त्यांनी दोनदा विचारलंय.”

मुलगी एरवी भाजीत मीठ किती यावरूनही वाद घालायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. अन्न चिवडत राहिली आणि ताट उचलून गेली. सावकाशला ते ट्रकपेक्षा जास्त लागलं.

त्यानं गाडी गॅरेजात मागवली. मुलीनं नेहमीसारखी ती धुऊन, पुसून आणली. बॅग उतरवली. चावी एकटी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. बापाचं गॅरेज असलं म्हणून काय, पाटी ती पाटी.

त्यानं बॅटरीची टोकं घासली. फ्यूज पाहिला. चेसिसला जाणारी वायर ओढून पाहिली. चावी हलवली, दाबली, तिरकी केली. हँडल या कुशीवरून त्या कुशीवर फिरवलं. दुपारभर मैदानाला चकरा मारल्या. गाडीनं साधी उचकीसुद्धा दिली नाही.

“तुम्ही डॉक्टर झाला असतात,” बायको वाढता वाढता म्हणाली, “तर पेशंट निदानाची वाट बघता बघता म्हातारे होऊन गेले असते.”

“बरे नसते का झाले?”

“कशाला? तुम्ही म्हणाला असतात, आधी आजार दिसू दे.”

तो हसला, पण घास हातातच राहिला. गाडी माझ्याकडे आली की शहाणी होते, त्याच्या मनात आलं. म्हणजे माझ्याकडे येताना ती काहीतरी मागे ठेवून येते.

“उद्या मी तुझ्या मागे बसतो,” तो मुलीला म्हणाला. “रोज जशी जातेस तशी जा. माझ्यासाठी काही वेगळं करू नकोस.”

“पेशंटांना काय सांगू?”

“सांग, सामान आहे.”

सकाळी त्यानं हँडलवर चिकटपट्टीनं दोन छोटे दिवे बसवले. डावा सांगणार, चावीच्या स्विचपर्यंत करंट येतोय. उजवा सांगणार, स्विचमधून करंट पुढे जातोय. दोन्ही विझले तर दोष स्विचच्या अलीकडे. उजवा एकटाच विझला तर स्विचमध्ये. दोन्ही जळत राहिले आणि तरी गाडी मेली तर त्याच्या पलीकडे. आता गाडीला खोटं बोलायला जागा उरली नव्हती.

मुलगी बॅग घेऊन बाहेर आली. दाराआडच्या खुंटीवरून तिनं किल्ल्यांचा जुडगा काढला. नारळाएवढा तो जुडगा. जे पेशंट उठून दार उघडू शकत नाहीत त्यांनी आपापल्या घराच्या किल्ल्या तिच्याकडेच देऊन ठेवल्या होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. तिनं गाडीची चावी त्याच कडीत अडकवली.

सावकाशनं तो जुडगा घरात रोज पाहिला होता. गाडीला लटकलेला आज पहिल्यांदा पाहत होता. तो काहीतरी बोलणार होता. मग ओठ मिटून मागे बसला. अजून काही दिसलं नव्हतं.

पहिल्या घरी तो बाहेर थांबला. दुसऱ्या घरी पलंगावरच्या म्हातारीनं त्याला दारातून पाहिलं.

“आज सोबत कोण? मोठे डॉक्टर?”

“बाबा आहेत, आजी. गाडीचे मेकॅनिक.”

“मग आत बोलाव की. माझे गुडघे किती दिवस कुरकुरतायत.”

“ते फक्त वायरिंग बघतात.”

“असू दे. मलाही मधेच झटके येतात,” म्हातारी म्हणाली. सावकाश आत आला आणि त्या फेरीत पहिल्यांदाच मोठ्यानं हसला.

तिथून बाहेर पडल्यावर लेकीकडे पाहायची त्याची नजर जरा बदलली. ती कुलूप आवाज न करता उघडायची. झोपलेल्या माणसाच्या उशाशी आधी बसायची, मग हाक मारायची. पट्टी सोडताना घाई नाही. त्याला वाटलं, ही सवय हिनं कुठून उचलली असेल? उत्तर माहीत असूनही त्यानं ते मनाशी उच्चारलं नाही.

जुन्या गिरणीमागे रस्ता उखडलेला होता. गाडीनं दोन खड्डे खाल्ले आणि मेली. उजवा दिवा विझला होता. डावा जळत होता.

मुलीचा हात सवयीनं चावीकडे गेला.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला. “तशीच कडेला घे.”

तो उतरला आणि वाकला. जुडगा खाली लोंबत होता. त्यातली कुठल्यातरी लोखंडी फाटकाची लांबलचक किल्ली केबलमागे अडकली होती आणि सगळं ओझं एका अंगाला ओढत होती. चावी स्विचमध्ये किंचित कलली होती. केसाएवढी. त्यानं जुडग्याखाली तळहात धरला आणि तो हलकेच उचलला. उजवा दिवा लागला. हात काढला. विझला. पुन्हा उचलला. लागला.

मुलगी पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या पेशंटांमुळे...”

“नाही. माझ्या पाटीमुळे.”

तो कडेच्या दगडावर बसला. “स्विच आतून झिजलाय. गाडीच्याच वयाचा आहे. एकटी चावी तो अजून धरतो, हे ओझं त्याला धरवत नाही. तू चावी काढून परत घालायचीस तेव्हा ती सरळ बसायची. आणि गॅरेजला यायच्या आधी तू माझं ऐकून जुडगा घरी ठेवायचीस. दोष दारापर्यंत यायचा, पाटी वाचायचा आणि परत जायचा.”

मुलीला हसू आवरेना. मग त्यालाही.

त्यानं फक्त स्विच बदलला. दुसरं काही नाही. शनिवारी नव्या स्विचला मुद्दाम तोच जुडगा लटकवून तो पुन्हा तिच्या मागे बसला. गिरणीमागच्या रस्त्यावरून त्यानं तिला गाडी जाता-येता न्यायला लावली. दोन्ही दिवे जळत राहिले. घरी आल्यावर त्यानं जुडग्यासाठी जुन्या सीटच्या रेक्झिनची पिशवी शिवली आणि मुलीच्या बॅगेला आतून टाचली. गाडीला चावी एकटीच राहिली. पेशंटांच्या किल्ल्या मात्र मुलीपासून एक वीतही लांब गेल्या नाहीत.

रविवारी मामा टेम्पो आणि दोर घेऊन दारात हजर. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

“सापडलं?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“सापडलं.”

“बहुतेक?”

दोष सापडला तरी आयुष्यभर तो ‘बहुतेक’च म्हणत आला होता.

“नक्की,” तो म्हणाला.

तिनं पदर खोचला आणि लेकीला म्हणाली, “काढ गाडी. त्या पुलावरून आणि गिरणीमागून मला फिरवून आण. बंद पडली तर तिथूनच मामाच्या टेम्पोत.”

दोघी गेल्या. मामा पायरीवर दोर मांडीवर घेऊन बसला. सावकाश त्याच्याशेजारी बसला. सावकाशचे कान गल्लीच्या तोंडाशी होते. अखेर तो ओळखीचा आवाज आला. एकसारखा, न अडखळता. गाडी दारात थांबली. आई उतरली. तिचे केस पार विस्कटले होते.

“दोर गुंडाळ,” ती भावाला म्हणाली.

“मग मी आलो कशाला?”

“चहाला. आणि हो, त्या डॉक्टरबाईंना मी कळवते. दुसरी मुलगी बघा म्हणावं.”

मुलीनं गाडी स्टँडला लावली. चावी काढली. ती इतकी हलकी होती की तिनं एकदा मूठ उघडून पाहिली.

चहा पिऊन मामा निघाला तेव्हा गॅरेजच्या दाराशी थबकला. पाटीवरचा रंग ओला होता : ‘गाडी रोज जशी चालवता तशीच आणावी.’

“भाऊजी,” तो म्हणाला, “टेम्पोचा हॉर्न कधीकधी आपोआप वाजतो. कधी बघाल?”

“सावकाश. वाजतो तेव्हा टेम्पोत काय काय असतं?”

मामानं आठवून पाहिलं. “बायको असते शेजारी.”

“मग तिलाही घेऊन ये,” सावकाश म्हणाला, आणि ब्रश धुवायला आत गेला.