कडी नसलेली खोली

आमच्या घरात कुठल्याच दाराला आतून कडी नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात गावाकडच्या घराची कडी अडकली आणि माझी थोरली बहीण आतच राहिली. मी तेव्हा दहावीत होते. पुढे लग्नानंतर निलंग्याला घर बांधलं, तेव्हा सुताराला बजावून सांगितलं, बाहेरून काय लावायचं ते लाव, आतून काही नको. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, पण विचारलं नाही. आमच्या भागात असलं कुणी विचारत नाही.

मुलीला दहावीला चांगले मार्क पडले आणि सगळ्यांसारखं आम्हीही तिला मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला क्लासला घातलं. एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खाली घरमालकीण काकू, डबाही त्यांचाच. सामान लावून झाल्यावर मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, दाराची आतली कडी उकलली आणि काकूंच्या हातात ठेवली. मुलगी हळूच म्हणाली, "मम्मी, जिन्यावरनं सारखी माणसं जातात गं." मी म्हटलं, "जाऊ दे की. जिवापेक्षा मोठं हाय का ते?"

पहिला महिना ती रोज फोनवर रडली. जेवण जात न्हाई, झोप लागत न्हाई, वर्गात इतकी पोरं की सरांना माझं नावसुद्धा माहीत न्हाई. मी शाळेत शिकवते. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी माझ्याकडं हवा तेवढा धीर असतो, घरी येईपर्यंत तो संपतो. मी तिला सांगितलं, "बहीण गेली त्याच वर्षी मी पत्र्याच्या शेडमध्ये दहावी काढली. तुला डोक्यावर स्लॅब हाय, पंखा हाय, आयता डबा हाय. तुला काय धाड भरली?" हे मी एकदा नाही, महिनाभर रोज सांगितलं.

दुसऱ्या महिन्यात तिचं रडणं थांबलं. मी शेजारणीला सांगितलं, रुळली बघा पोरगी. तिसऱ्या महिन्यात ती नुसतं 'हाव' म्हणायला लागली. जेवलीस? हाव. अभ्यास करायलीस? हाव. मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, याची लाज मला आजही आहे.

मग क्लासच्या परीक्षेचे मार्क मोबाईलवर आले. निम्म्यावर आले होते. मी रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले आणि तिला काय काय सुनावायचं ते वाटेत मनात जुळवत बसले. जिन्यापाशी काकू म्हणाल्या, "बरं झालं आलात. चार दिवस झाले, डबा तसाच खाली यायलाय."

वर गेले तर दार उघडेना. कडी तर मीच काढली होती. ढकललं, तरी हलेना. आत काहीतरी जड लावलेलं होतं. हाक मारली. मग मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. बहिणीच्या दारावर बडवलं होतं तसंच.

बऱ्याच वेळानं आत खाट सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली, भर दिवसा अंधार. ती विस्कटलेल्या केसांनी उभी होती. चहा ठेवू का विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "मम्मी, मी नसले तर सगळ्यांना बरं पडंल."

त्याच दिवशी ओळखीतून एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग माझ्याशी. म्हणाल्या, याला ॲडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात. घर, मैत्रिणी, पहिला नंबर, सगळं एकदम सुटलं. माणूस नव्या जागी पोचतो, मन मागंच राहतं. हे नखरे नाहीत, आजार आहे, आणि बहुतेक वेळा बरा होतो. दर आठवड्याला बोलायला आणा, झोपेच्या-जेवणाच्या वेळा पाळा, आणि सध्या तिला एकटी सोडू नका. झोपेसाठी थोडे दिवस गोळी दिली. मी निघताना म्हणाल्या, "बाई, तुमच्या भूकंपाशी तिचं दुःख मोजू नका. त्या मापात तिचं काहीच बसत नाही, म्हणून तर ती गप्प झाली."

मी रजा टाकून त्या खोलीत राहिले. दारात आतून जाड पडदा लावला. पहिले काही दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मी तिचा श्वास ऐकत बसायचे. पुढे हळूहळू अर्धी भाकरी खायला लागली, खिडकीवरचे कागद तिनंच काढले.

एका दुपारी आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. तिनं विचारलं, "त्या रविवारी तुला कसं कळलं गं?"

आईला कळतं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "कळलं न्हवतं. मार्कांवरनं बोलायला आले होते."

तिनं दोनतीन शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "बरं. मग पुढच्या वेळी मीच सांगीन."

डॉक्टरीणबाई हे ऐकून खूश झाल्या, म्हणाल्या, हेच तर हवं होतं. मला मात्र त्या दुपारी 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकू आलं होतं. मी मान हलवली होती आणि शेंगा फोडत राहिले होते.