पाइपाच्या तोंडावरून फिरणारे बोट

मधुकरभाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या एकसष्टीच्या अंकात हे लिहू का, असे मी त्यांनाच विचारले. खरे आहे ते लिही, म्हणाले. म्हणून लिहितो.

तेव्हा मी घाटंजी-आर्णी रस्त्यावर प्रवासी जीप चालवत होतो. ब्रेकचा पाइप पाझरू लागला, म्हणून भाऊंच्या आर्णीच्या दुकानात गेलो. त्यांनी तारेच्या जाळीचा नवा पाइप बांधून दिला आणि जुना माझ्यादेखत कापून टाकला. अडीनडीला कामी आला असता, म्हणून मी चिडलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "ठेवला असता त तू लावलाच असता. अडचणीत माणूस कायबी लावते." मी तणतणत निघालो आणि पुढच्या वेळी मुकाट्याने त्यांच्याकडेच गेलो. पुढे जीप विकली आणि त्यांच्याच हाताखाली कामाला लागलो. अजून तिथेच आहे.

हे काम ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. रबरी नळीवर बारीक पोलादी तारांची वीण असते. कापण्याआधी त्या जागी चिकटपट्टी गुंडाळावी लागते, नाहीतर तारा केरसुणीसारख्या फुलतात. त्यातली एखादी आत वळून टोकाला बसवायच्या धातूच्या फिटिंगखाली दबली, की जोड बाहेरून झकास दिसतो आणि दाब आला की तेल पाझरते. म्हणून फिटिंग चढवण्याआधी भाऊ कापलेल्या तोंडावरून बोट फिरवत. डोळ्यांना न दिसणारी तार त्यांच्या बोटाला टोचत असे. कितीतरी ड्रायव्हर त्या बोटाच्या भरवशावर घाट उतरत आले आहेत.

कामात असे काटेकोर असलेले भाऊ इतर वेळी मात्र भलतेच सोशिक. माझी आई यवतमाळला दवाखान्यात होती, तेव्हा ते एसटीने तिचा डबा घेऊन येत. आईला ते दवाखान्याचे माणूस वाटले. भाजीत मीठ जास्त असते म्हणून ती त्यांना रोज झापायची. भाऊ हो हो म्हणून ऐकून घेत. आई घरी येईपर्यंत त्यांनी तिचा गैरसमज दूर केला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊंनी शाळेच्या व्हॅनचा ब्रेक पाइप बांधला. दाब देऊन तपासताना जोडाशी तेलाचा थेंब दिसला. त्यांनी तो कापून दुसरा बांधला. त्यालाही थेंब आला. जोड चिरून पाहिला, तर आत तार दबलेली. साखरेच्या आजाराने बोटे बधिर होत चालली होती, हे भाऊंनी घरीदेखील सांगितले नव्हते.

"मले तार लागूनच नाही राह्यली," ते म्हणाले. "आजपासून ब्रेकचं काम तू करजो."

मी नाही म्हटले. तपासणीत दोष सापडतोच, मग काम कशाला सोडायचे, असे परोपरीने सांगून पाहिले. ज्या कामाने त्यांना नाव दिले, तेच त्यांनी माझ्यापुढे सरकवले होते. मला रडू आवरेना. भाऊंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून रेडिएटरचे बिनतारेचे पाण्याचे पाइप करायला घेतले.

जुने ड्रायव्हर अडून बसले. काही तर तसेच परतले. मलाही वाटू लागले, की हे आपल्याला पेलणारे नाही. अशात राळेगावचा एक पिकअपवाला आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "भाऊ, तुमीच करा. याचा भरवसा नाही."

भाऊंनी हातातला पाइप खाली ठेवला. "बाहेर माही मोटारसायकल उभी हाये. तिचा ब्रेक पाइप यानंच बांधला. तिच्यावर मी नातीले शाळेत सोडतो."

पिकअपवाला बाकावर बसला. मी कामाला लागलो. भाऊंनी एकदाही मान वळवून माझ्याकडे पाहिले नाही.

मधुकरभाऊंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. नातीला कॉलेजातही त्यांनीच त्या गाडीवर सोडावे. ब्रेकची काळजी त्यांनी करू नये, ती आता माझी आहे.