नाशिक ते खडकी: मागच्या खोलीतली दुपार

खडकीला जायचं ठरलं ते मोबाइलवरच्या एका आलेखामुळे. बाबा तिथे एकटे राहतात. आई गेल्यावर मी त्यांच्या घरात वायफायवर चालणारे प्लग आणि सेन्सर बसवून घेतले. गीझर चालू राहिला तर नाशिकहून बंद करता येतो, खोलीत कुणी नसेल तर पंखा आपोआप थांबतो. वीज वाचते हे खरंच, पण मला त्यात ते घर दिसतं. सकाळी गीझर लागला की बाबा उठले. संध्याकाळी टीव्ही लागला की माझाही जीव थाऱ्यावर.

हल्ली मागच्या खोलीतला पंखा दुपारभर सारखा चालू-बंद होत होता. फोनवर विचारलं, "सेन्सर बिघडलाय का?"

"नाही, चाललंय त्याचं," एवढंच बाबा म्हणाले.

मी शुक्रवारची रजा टाकली.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळची एसटी पकडा, चंदनापुरीचा घाट उन्हाआधी मागे पडतो. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव ताजे. चाकणला ट्रकांच्या मागे वेळ जातोच, तो धरून निघा. मी नाशिक फाट्याला उतरून मेट्रोने खडकी गाठली. रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि दापोडीच्या पुढे नदीही दिसते.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बाबा मागच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनजवळच्या खुर्चीवर, खिडकीबाहेर बघत बसले होते. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. त्यांनी मागे न बघताच हात वर केला, खाली घेतला. पंखा पुन्हा सुरू झाला.

"बाबा, हे काय?"

"आलीस? अगं, तुझ्या यंत्राला हलणारा माणूसच दिसतो. स्वस्थ बसलेला दिसत नाही. म्हणून मधूनमधून हजेरी द्यावी लागते."

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? दुपारी तिच्या खुर्चीवर बसतो म्हणून?"

मी पलंगाच्या कडेला टेकले. बाबा म्हणाले, "कारखान्यात होतो तोवर या घरातली दुपार मी पाहिलीच नाही. निवृत्त झालो आणि वर्षभरात ती गेली. इतकी वर्षं इथे बसून तिला काय दिसत होतं, ते बघतो."

खिडकीतून चिंचेचं झाड दिसत होतं, त्यापलीकडे रेल्वेची तार. मीही बघत राहिले. एक लोकल गेली. आई असताना मी या खिडकीशी कधी थांबलेच नव्हते.

शनिवारी दोघं मेट्रोने मंडईत गेलो. स्टेशन अगदी बाजाराच्या तोंडाशी, म्हाताऱ्या माणसांनाही सोपं. बाबा पेरू दाबून बघायला लागले, तशी विक्रेत्या बाई म्हणाल्या, "काका, पेरू आहे तो, दाराची बेल नाही." बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

घरी येऊन मी स्टुलावर चढले आणि त्या खोलीतला सेन्सर काढला.

"मग मला कळणार कसं?" मी विचारलं.

"फोन कर. उचलीन."

अशी उपकरणं बसवणाऱ्यांना अनुभवाचं एक सांगते: गीझरला, पाण्याच्या पंपाला जरूर लावा. जिथे माणूस नुसता बसतो, ती खोली सोडून द्या.

नाशिकला परतून आता महिना होईल. बाबांचं बिल पूर्वीपेक्षा कमीच येतं. मोबाइलवर स्वयंपाकघर दिसतं, हॉल दिसतो. मागची खोली मात्र त्यात नाही. दुपारी ऑफिसात कामातून मान वर केली की तिची ओढ लागते. मग मी जिन्यात जाऊन फोन लावते.

"काय करताय?"

"बसलोय."

"बरं."

पुढे बोलायला काही नसतं. फोन मात्र आम्ही दोघंही ठेवत नाही.