पंखेवालीची तारीफ

दर दुसऱ्या सोमवारी पहाटे पावणेपाचला उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका चहाच्या टपरीवर आम्ही तिघं बसायचो आणि विमानाचं कौतुक करायचो. दोन बाजूंना दोन पंखे, साठेक माणसांची जागा, मुंबईहून छोट्या गावांना जाणारं ते विमान. आम्ही त्याला ‘पंखेवाली’ म्हणायचो. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. आमच्या भागात विमानानं जाणारा माणूस अजून मोजकाच होता आणि गेलाच तर चार घरी सांगून जायचा. माझी आई तर भाजीवालीलाही सांगायची, ‘आमची मुलगी विमानानं ड्युटीला जाते.’

मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत केमिस्ट होते. कंपनीचा परदेशातून येणारा माल कच्छमधल्या कांडल्याच्या बंदरात उतरायचा, तिथल्या टाक्यांत राहायचा आणि टँकर भरण्याआधी कोणीतरी जाऊन नमुना तपासावा लागायचा. साहेब मला म्हणाले, ‘तुमची मुलगी दोन वर्षांची. तुम्हाला नाही जमायचं.’ मला कोणी ‘नाही जमायचं’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. रेल्वेनं जायचं तर जायला एक रात्र आणि यायला एक रात्र, ते खरंच जमलं नसतं. पण पंखेवाली सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणायची. मुलीचा रात्रीचा वरणभात मी भरवू शकत होते. मी हो म्हटलं. माझ्यामागे एक गडी टपूनच बसला होता. मी एकदा जरी कच खाल्ली असती तर काम त्याच्याकडे गेलं असतं आणि मी जन्मभर बाटल्यांवर लेबलं चिकटवत बसले असते.

अडचण एकच होती. मला विमानाची जाम भीती वाटायची.

आमची एक ठरलेली सुमो होती. पालेगावचा एक शेतकरी ती स्वतः चालवायचा. तो आधी बदलापूरला जाऊन काटेवाल्या दादांना घ्यायचा. दादा ट्रक तोलायचे मोठे वजनकाटे दुरुस्त करायचे आणि बंदरात त्यांना कायम काम असायचं. मग अंबरनाथला मी, आणि शेवटी कॅम्प पाचला अंकल. अंकल सिंधी, पन्नाशी ओलांडलेले. त्यांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना इथं आणि दुकान तिकडे कांडल्याजवळ गांधीधामला. अंकलांच्या घरून कागदात बांधलेली गरम कोकी यायची. सिंध्यांची ती कांदा-मिरचीची जाड पोळी चहात बुडवून खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

पहिल्या दिवशी अंकलांनी मला विचारलं, ‘बेटा, पहली बार?’

‘छे!’ मी म्हटलं. ‘किती वेळा बसलेय.’

आयुष्यात तोवर मी विमान फक्त खालून पाहिलं होतं. पण कोणी मला नवखी समजावं हे मला सहन होत नाही, मग तोंडातून काय निघेल त्याचा भरवसा नसतो. अंकल मात्र खूश झाले. ‘अच्छा है, अच्छा है,’ असं दोनदा म्हणाले आणि त्यांनी मला कोकीचा मोठा तुकडा दिला.

टपरीवरचा अंकलांचा नियम कडक होता. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर प्रत्येकानं पंखेवालीची एक तरी तारीफ करायची. बोहनीआधी दुकानात कोणी नकार उच्चारत नाही, तसं विमानात बसण्याआधी विमानाला नाव ठेवायचं नाही.

अंकल सुरुवात करायचे. ‘बडे विमान में घुसो तो लगता है शादी का हॉल है. कौन आया, कौन गया, किसको पडी है? पंखेवाली में बाई बोलती है, अंकल, पिछले हफ्ते नहीं आये आप. हमारे में घरचा माणूस पण एवढा विचारत नाय!’

दादा म्हणायचे, ‘तिचे पंख कसे डोक्यावर हायेत. खिडकीत बसला की खालचा सगला दिसतो. मोठ्या विमानात पंखच आडवा येतो.’

मग माझी पाळी. मी म्हणायचे, ‘तिचा जिना तिच्या दारातच असतो. दार खाली आलं की जिना तयार. बाहेरचा जिना कधी येतोय याची वाट बघत बसायला नको.’ हे मी तिसऱ्या खेपेला शोधून काढलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

एकदा दादा सहज बोलून गेले, ‘एक इंजिन बंद पडला तरी दुसऱ्यावर उतरते ती.’ ही खरं तर सगळ्यात मोठी तारीफ होती. पण अंकल एकदम भडकले. ‘सुबह सुबह बंद का नाम मत ले यार!’ त्यांनी चहाचा ग्लास तसाच ठेवला. आम्ही दोघं हसलो. व्यापारी माणूस, शकुन-अपशकुन पाळणारच.

खोटं कशाला बोलू, मलाही पंखेवाली आवडायला लागली होती. बिचारी लहानशी, मोठ्या विमानांच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत गुमान उभी राहायची आणि ज्या गावांना कोणी विचारत नाही तिथं वेळेवर पोचवायची. तिच्यामुळे माझी नोकरी होती आणि माझं मूलही माझ्या हाताशी होतं. पण माया आली म्हणून भीती गेली नाही. संसारात नाही का दोन्ही एकाच घरात नांदत? मी माझ्यापुरता तोडगा काढला होता. मागून दुसरी रांग, दाराजवळची जागा. काउंटरवर मी तीच मागून घ्यायचे. त्या जागेवरून मी प्रत्येक वेळी सुखरूप उतरले होते, म्हणून तीच जागा.

असे आठ महिने गेले.

होळीच्या आसपासचा सोमवार होता. विमानात जेमतेम चौदा माणसं. मी माझ्या जागेवर पट्टा आवळून बसले होते. हवाईसुंदरी आली आणि म्हणाली, ‘मॅडम, प्लीज पुढे बसाल का? आज मागच्या बाजूला सामान जास्त आहे. बॅलन्ससाठी.’

‘नाही,’ मी म्हटलं.

तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मागे बसलेले बाकीचे दोघं-तिघं उठून पुढे गेलेही. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. ‘मी इथंच बसणार. ही माझी जागा आहे.’ माझा आवाज इतका चढला की पायलटनं कॉकपिटचं दार उघडून पाहिलं. सगळी डोकी माझ्याकडे वळली. फक्त पुढून तिसऱ्या रांगेतलं अंकलांचं डोकं हललं नाही. पंखे थांबलेले, दार उघडं आणि माझ्या एकटीमुळे अख्खं विमान खोळंबलेलं. मला लाज वाटत होती, पण हात सुटत नव्हते.

दादा उठून आले आणि माझ्या खुर्चीशी उकिडवे बसले. ‘मॅडम,’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘ट्रकचा सगला माल मागं टाकला तर काय होतो? पुढची चाकं हलकी होतात. ड्रायवर ष्टेरिंग फिरवतो, ट्रक आयकत नाय. मी काट्यावर रोज बगतो. ही लोकं इमानदार हायेत म्हणून तुमाला उठवतात. मोठ्या विमानात तुमी कुठं पन बसा, कोन इचारतो? हितं तुमच्या एकटीचा फरक पडतो.’

‘तुमच्या एकटीचा फरक पडतो’ हे मला कंपनीत आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी पट्टा सोडला. पुढे जाऊन अंकलांच्या शेजारी बसले, कारण दादांखेरीज ओळखीचं माणूस तेवढंच होतं.

अंकलांचे डोळे मिटलेले होते. एसीत बसून कपाळावर घाम. खुर्चीचे हात त्यांनी इतके घट्ट पकडले होते की बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, छातीत कळ आली की काय!

‘अंकल, बरं वाटत नाही का?’

‘तू उठी नहीं,’ ते डोळे न उघडता म्हणाले. ‘मैं समझा कुछ गडबड है. तेरे को मालूम पडला असेल.’

‘मला कसं मालूम पडेल?’

‘तू पहले दिन बोली ना, कितनी बार बैठी हूँ. तब से मैं तेरे को देख के बैठता है. उससे पहले चार साल हनुमान चालीसा बोलते बोलते जाता था. फिर सोचा, ये लडकी को छोटी बच्ची है, फिर भी आराम से जाती है. मतलब डरने का काम नहीं. आज तूच घाबरली तर...’ त्यांचा हात पट्ट्याकडे गेला. ‘मैं उतर जाता है. दुकान भाई देख लेगा.’

दार अजून बंद झालं नव्हतं. माझ्या जिभेवर आणखी एक खोटं तयार होतं, की गुडघा दुखत होता म्हणून उठत नव्हते. ते चाललंही असतं. पण त्या घामेजलेल्या माणसाकडे पाहून मला माझाच राग आला. आठ महिने हा माझ्या फुशारकीच्या भरवशावर आकाशात जात होता.

‘अंकल, मी खोटं बोलले,’ मी म्हटलं. ‘त्या दिवशी मी पहिल्यांदाच बसत होते. त्यानंतर एकदाही न घाबरता बसले नाही. आत्तासुद्धा घाबरलेलीच आहे.’

अंकलांनी डोळे उघडले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले की हवाईसुंदरीनं पुन्हा वळून पाहिलं.

‘मतलब आठ महिना हम दोनों तेरे एक झूठ पे उड रहे थे?’

‘हो.’

‘और पहुँचे भी!’

‘दर वेळी, अंकल. मी काही नाही केलं. तीच पोचवत होती.’

त्यांनी थोडा विचार केला आणि पट्टा सोडायच्या ऐवजी आवळला. दार बंद झालं. आमच्याच खिडकीजवळचा पंखा फिरायला लागला, आधी पाती दिसत होती, मग दिसेनाशी झाली. अंकलांनी हात पुढे केला, मी धरला. दोघांचेही तळवे ओले होते. विमान उडालं. ते काम मी पुढे सहा वर्षं केलं, आणि भीत भीतच केलं.

उतरायच्या थोडं आधी अंकलांनी मान लांब करून खिडकीतून खाली पाहिलं. खाली ऊन चमकत होतं आणि पांढरे चौकोन लांबवर पसरले होते.

‘बेटा, नीचे वो सफेद क्या है?’

‘मिठागरं आहेत, अंकल. मीठ.’

‘इतना सारा?’ ते म्हणाले, आणि विमान जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी खिडकीवरून नजर काढली नाही. साडेचार वर्षांहून जास्त काळ ते याच आकाशातून येत-जात होते.