चिंचेनं घासलेला हत्ती

पाच्छापुरे सर नसते तर मी पदवीपर्यंत पोचलो नसतो. निपाणीच्या शाळेत ते आम्हाला इतिहास शिकवायचे. काल बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली पाळी करून दमून घरी आलो, तर शेजारच्या अक्का चिंचेनं तांब्याची घागर घासत होत्या. त्या आंबट वासानं सरांचं सातवाहनांचं नाणं आठवलं.

चित्र काढायला त्यांनी ते मला घरी नेऊ दिलं होतं. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला कुंपणातलं झाड. आई भांडी घासायची तसं मी ते चिंच-राखेनं लख्ख घासलं, आणि झिजलेला हत्ती पार पुसला गेला.

"घासलंस काय रे?" सरांनी भर वर्गात विचारलं.

"न्हाई सर, तसंच हुतं."

त्यांनी नाणं उलटं केलं. "असू दे. झाड राहिलंय. जे जपायचं, त्याला त्या काळची माणसं कुंपण घालायची. त्याचंच चित्र काढ. आधी हात धुऊन ये, चिंचेचा वास येतोय."

तेव्हा वाटलं, सुटलो. काल जेवण तसंच ठेवून पत्र लिहिलं:

"सर, हत्ती मीच घासला. तुम्हाला कळलं होतं. त्या दिवशी वर्गात खोटा ठरलो असतो, तर पुन्हा शाळेत आलो नसतो."